रशीद, मी पातीला गेलोच नव्हतो

रशीद,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा तालुक्याच्या साप्ताहिकाचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "तुमचा जिगरी दोस्त होता, चार शब्द लिहून द्या." मी बसल्या बैठकीला पानभर लिहून काढलं. त्यात तू मनमिळाऊ होतास, हसतमुख होतास आणि तुझ्या जाण्यानं गावात पोकळी का काय ती निर्माण झाली होती. मधे एक वाक्य होतं: 'रशीदला जावा बेटावरचं पाती शहर पाहायचं होतं, त्याला जाता आलं नाही, पण मी जाऊन आलो आणि माझ्या डोळ्यांनी त्यानं ते पाहिलं.' वाक्य मोठं झकास उतरलं होतं. दोनदा वाचलं आणि स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटली. तो कागद फाडला. हा दुसरा आहे.

मी पातीला गेलो नव्हतो, रशीद. ते झाड मी पाहिलं नाही, त्या गावातली उशी हातात घेतली नाही, तुला सांगितलेल्या बसमध्ये मी कधी बसलो नाही. हे तुझ्या तोंडावर सांगायला माझ्यापाशी सात वर्षं होती. आपली दुकानं समोरासमोर, माझं बी-बियाण्याचं आणि तुझं गाद्यांचं. मधला धामणगावचा बाजाररस्ता एवढा अरुंद की तुझ्याकडे चहा उकळला की वास मला यायचा. सात वर्षांत तेवढा रस्ता मला ओलांडता आला नाही.

पातीचं वेड मूळचं तुझ्या अब्बांचं. पिंजाऱ्याचं घर तुमचं. अब्बा खामगावच्या एका व्यापाऱ्याकडून अधूनमधून एक पोतं आणायचे, जावाच्या कापसाचं. बड्या घरच्या लग्नातल्या उशांसाठी. तो झाडावरचा कापूस, आपल्या सावरीच्या जातीचा, पण त्या झाडाला काटे नसतात असं ते सांगायचे. तू दर उन्हाळ्यात संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला सावरीची बोंडं गोळा करायला जायचास आणि हातभर ओरखडे घेऊन परत यायचास. "बिनकाट्याचं झाड असते बे तिकडे," तू म्हणायचास, "एकडाव त्याले मिठी मारून यायची हाय." मी म्हणायचो, आधी घरी भाभीला मिठी मार. तुझं उत्तर ठरलेलं, "तिले काटे हायेत." आणि आतून भाभी तुझ्या नावानं ओरडायची.

मग माझ्या दुकानात मोठा फोन आला आणि एका दुपारी त्यावर पाती सापडलं. जावाच्या उत्तर किनाऱ्याकडचं शहर, आपल्याकडे कुणी नावही ऐकलेलं नाही असं. त्याच्या शेजारी एक गाव, तिथं घरोघर उशा-गाद्या भरतात. माणसं भुवयांपासून पायांच्या नखांपर्यंत पांढरी झालेली, नाकाला फडकी बांधलेली, आणि मागं ती झाडं, सरळसोट. तू फोन माझ्या हातून घेतलास आणि बोटानं ती चित्रं पुढं-मागं सरकवत राहिलास. शेवटी म्हणालास, "मध्या, हे तं आपलेच लोकं हायेत."

त्या दिवसापासून दुपारचा चहा म्हणजे पातीची तयारी. बियाणं कंपन्या दुकानदारांना परदेशी फिरवून आणतात, हे तुला ठाऊक होतंच. त्या साली एका कंपनीनं बीटी कापसाच्या नव्या वाणावर बालीची टूर लावली होती. ठरलेली पाकिटं खपवली की दोन माणसांची सोय. आपण ठरवलं, बालीला उतरायचं आणि टोळीतून तीन दिवस सटकायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तू सगळा रस्ता काढलास. बालीच्या पश्चिम टोकाहून बोटीनं जावात, तिथून रेल्वेनं सुराबाया, मग समुद्राच्या कडेकडेनं बस, तुबान, रेम्बांग आणि पाती. भाषा येत नाही, ओळखीचं कुत्रं नाही, खिशात फक्त त्या गावाचं नाव लिहिलेला कागद. कंपनीच्या माणसाला कळलं असतं तर त्यानं आपल्याला विमानातच बसू दिलं नसतं.

माझं म्हणणं, बोट नको, बालीहून सुराबायाला विमान असतं. तुझं म्हणणं, विमानातून काय दिसते, ढगं? आपण दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता आणि पोहण्याचं म्हणशील तर नळगंगेच्या धरणात तू गुडघ्यापलीकडे कधी गेला नव्हतास. त्यावर तुझ्यापाशी उपाय होता. "जावाचा कापूस पाण्यात बुडत नाई. दोन उशा पोटाले बांधू." बोट की विमान हा वाद आपण कधी मिटवलाच नाही. मी शाकाहारी म्हणून तू माझ्यासाठी खारोड्या, ज्वारीचे पापड आणि शेंगदाण्याच्या चटणीची यादी केलीस. कुठून तरी त्यांचे शब्द गोळा केलेस आणि एक दिवस रस्त्यापलीकडून ओरडलास, "मध्या, तिकडे बी खुर्चीले कुर्सीच म्हणते बे! निम्मी भाषा तं आलीच."

पासपोर्टच्या वेळी मशीन तुझ्या बोटांचे ठसे घेईना. तीस वर्षं कापूस आणि पिंजणाची तात, बोटांवर रेघ म्हणून राहिली नव्हती. तिथल्या बाईंनी तेल लावून बघितलं, पुसून बघितलं. तू त्यांना म्हणालास, "मॅडम, माहे ठसे गावातल्या गाद्यांत हायेत, एकेक उसवून पाहा लागन." बाई हसल्या आणि चौथ्या खेपेला मशीननंही ऐकलं. पोलीस पडताळणीला माझ्याकडे दोन मिनिटं लागली, तुझ्याकडे तीन फेऱ्या झाल्या. मी सोबत येतो म्हणालो होतो. तेव्हाही दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून आलो नाही.

आता जे सांगायला बसलोय ते.

आपल्याकडे पोरीच्या लग्नाची गादी घरच्या कापसाची. होळी झाली की माणसं आपापल्या शेतातला निवडलेला कापूस तुझ्याकडे आणायची. कोणाच्या शेतात कोणतं बियाणं होतं आणि त्याला कसा कापूस आला, हे सगळं तुझ्या हाताखालून जायचं. तू एक चिमूट घ्यायचास, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचास, कानाशी न्यायचास. म्हणून पेरणीच्या तोंडावर लोक बियाणं माझ्याकडे बघायचे आणि घेण्याआधी रस्ता ओलांडून तुला विचारायचे, "चाचा, औंदा कोणतं?" मला याचा राग यायचा, आज कबूल करतो. परवाना माझा, पाटी माझी, कंपनीचे लोक माझ्याकडे येणार, आणि शेवटचा शब्द गादीवाल्याचा!

त्या साली पेरणीच्या आधी तू एक पोतं घेऊन माझ्या दुकानात आलास. पोत्यात कवडी होती. अळीनं खाल्लेल्या बोंडातला तो चिकटलेला, पिवळा पडलेला कापूस. व्यापारी त्याला हात लावत नाही, स्वस्तातल्या गादीसाठी तू तो घ्यायचास.

"हे पाय," पोत्याचं तोंड उघडून दाखवत तू म्हणालास. "बीटी आलं तवापासून कवडी शोधाले मले गावोगाव फिरा लागे. कोनापाशीच नसे. आता दोन सालापासून लोकं घरी आणून टाकून राह्यले. याचा अर्थ काय?"

"काय अर्थ?"

"अळीले हे बियाणं आता पचते, मध्या. ते गुलाबी अळी. तुह्या नव्या पाकिटात नवं काई नाई, चित्र तेवढं नवं हाय. लोकायले इतकं सारं हेच पेराले लावू नको."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणालो, "तू गाद्या शीव. बियाण्याचं मी पाहतो." कोणीतरी फिसकन हसलं. तू पोतं उचललंस आणि गेलास. तुझं म्हणणं खरं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. गेल्या हंगामातली बोंडं मीही फोडून पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आलो, लाडीगोडी लावत. म्हणालो, टूर दोघांची आहे, तू लोकांना काही बोललास तर आपलं पाती गेलं. तुझ्यासाठीच तर करतोय. रशीद, माझ्या आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो, दुकानदाराला बोलावं लागतं. पण तुझ्या अब्बांचं झाड मी तुझ्या तोंडात बोळ्यासारखं कोंबलं, तेवढं हलकं काम दुसरं केलं नाही. तुझ्यासाठी वगैरे काही नव्हतं. मला दुकानात काउंटरच्या वर बालीचा फोटो लावायचा होता. मोताळ्याच्या दुकानदारानं बँकॉकचा लावला होता.

आणि मग पुंडलिक आला. आपला नदीकाठच्या शेतातला पुंडलिक, शब्दाचा पक्का, त्यानं जे पेरलं ते त्याच्या आळीतली दहा घरं पेरायची. तू माझ्या दुकानात चहा पीत होतास. पाकीट हातात घेऊन त्यानं विचारलं, "चाचा, घेऊ का हे?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्या नजरेला नजर देऊन म्हणालो, "सांग ना रशीद. तुले तं माहीत हाय."

तू कपातला चहा गोल फिरवलास. मग म्हणालास, "हाव. घे."

चहा तसाच टाकून तू उठलास. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. त्यानंतर आठ दिवसांत माझं दुकान रिकामं झालं आणि तुला विचारायला जो जो रस्ता ओलांडून आला त्याला तू हाव म्हणालास. मी काउंटरवरून पाहत होतो. तू कोणाच्याच डोळ्यांत बघत नव्हतास.

पुढचं गावाला पाठ आहे. दिवाळीच्या सुमारास कपाशीच्या पऱ्हाट्या वरून हिरव्यागार, बोंडं टपोरी, आणि फोडलं की आत गुलाबी अळी. बोंडं उमललीच नाहीत. वेचणीला आलेल्या बाया रिकाम्या ओट्यांनी परत गेल्या. पुंडलिकाच्या पोरीचं लग्न पुढं ढकललं गेलं, आणि पुढं ते मोडलं. लोक माझ्या दुकानात आरडाओरडा करून गेले, मी कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीच्या माणसानं हवामानाकडे. तुझ्यावर कोणी ओरडलं नाही. त्याचंही मला नवल वाटायचं. त्या वर्षी तू कवडी घेणंच बंद केलंस. पोत्यांनी येत होती, फुकट देत होते, तरी नाही.

टूर मात्र लागली. मी पत्र घेऊन नाचत तुझ्याकडे आलो.

"मले नाई जमत," तू म्हणालास. "तू जाय."

"काऊन बे? सगळं झालं ना आता!"

"गुडघे दुखते."

तुझे गुडघे! रोज बारा तास मांडी घालून बसणारा माणूस तू. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. साळ्याला घेऊन गेलो.

बालीला हॉटेलात पोहण्याचा हौद होता, त्यात मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फोटो काढले. कॅलेंडरचा कागद माझ्या बॅगेत होता. एका सकाळी तो काढून बसलोही. एकट्यानं का होईना, निघता आलं असतं. पण बोटीची भीती वाटली, भाषेची भीती वाटली, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे ते झाड खरंच समोर आलं तर त्याच्याकडे कोणत्या तोंडानं पाहायचं. साळा म्हणाला, "दाजी, खरेदीले चाला." मी गेलो. परतताना विमानतळावर वीतभर उशी दिसली, वर नक्षी. झाडावरच्या त्या कापसाचं तिकडचं नाव घेऊन विकणाऱ्या पोरीला विचारलं, "कपोक?" तिनं मान हलवली. मला तेवढी मान पुरेशी होती.

आणि तुझ्या दुकानात बसून मी तुला पाती सांगितलं. तूच आखलेल्या रस्त्यावरून तुलाच फिरवलं. बोट कशी हलत होती, तुबानला बस कशी थांबली, झाडाला मिठी मारली तर हात पुरले नाहीत. उशी तुझ्या हातात दिली. तू ती दोन बोटांत दाबलीस, सोडलीस, पुन्हा दाबलीस. म्हणालास, "हलकी हाय." मग म्हणालास, "त्या बसचं परत सांग."

सात वर्षं तू मला ते परत परत सांगायला लावलंस. पाहुणे आले की हाक मारायचास, "मध्या, ये बे, यायले पातीचं सांग." मी यायचो आणि दर वेळी थोडं वाढवायचो. एकदा तर बोटीत मला उलटी झाली, असं सांगितलं. तू पोट धरून हसलास.

काल भाभीला भेटायला गेलो. ती नेहमीसारखी तिच्या बोलीत बोलली. "भैया, वो तकिया इन्होंने उसी दिन पहचान लिया था. बोले, अंदर प्लास्टिक का धागा है, मध्या गया ही नहीं." मी विचारलं, मग दर वेळी ऐकायचा का? भाभी म्हणाली, "मैंने भी पूछा था. बोले, झूठ बोलता है, पर रास्ता सही बताता है. सुनने में अच्छा लगता है."

रशीद, लाज वाटणं म्हणजे काय ते मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तू मला पकडलं होतंस आणि सात वर्षं चहा पाजत होतास. मी तुला फसवतोय असं समजून मी तुझ्यासमोर पाय पसरून बसायचो. तू एकदा तरी शिवी घालायची होतीस रे. आपण एका बाकावर बसून शिकलो, तुझ्या शिवीचा मला हक्क होता.

तुला माती देऊन परतताना पुंडलिक माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "सच्चा मानूस गेला." मला ते टोचलं. त्याला तर वाटत असणार की चाचानं हो म्हटलं आणि आपलं वाटोळं झालं. तरी सच्चा? मी गप्प चालत राहिलो. म्हणजे तुला खांदा देऊन परत येतानाही मी गप्पच.

आज सकाळी मात्र मी दुकान उघडलं नाही. सरळ पुंडलिकाच्या शेतात गेलो. तो एकटाच लोखंडी चिमट्यानं वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होता. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून सगळं सांगून टाकलं. कवडीचं पोतं, गिऱ्हाइकांसमोरचा तो टोमणा, बालीची टूर, तुझ्या तोंडून काढून घेतलेलं ते हाव. म्हणालो, रशीदची चूक नव्हती, त्यानं मला आधीच सांगितलं होतं, मी त्याला गप्प केलं.

पुंडलिकानं एक पऱ्हाटी उपटली, मग दुसरी.

"चाचा आल्ता आमच्या घरी," तो म्हणाला. "त्याच साली, अळी आली तवा. ज्याले ज्याले हाव म्हटलं होतं त्या सगळ्यायच्या घरी गेल्ता. म्हने, मले माहीत होतं आन् तरी म्या हाव म्हटलं, माफी द्या."

"माहं नाव?"

"नाई घेतलं. म्या इचारलं ना, काऊन म्हटलं मंग हाव? तं म्हने, लालच. एक झाड पाहाची लालच होती." पुंडलिकानं कपाळ पुसलं. "आमी तवाच माफ करून टाकलं त्याले."

मी खाली बसलो. एवढ्या घरांत तू एकटा फिरलास आणि मी समोरच्या दुकानात टूरच्या पत्राची वाट बघत होतो. मी म्हणालो, "मले बी त्या घरायले माफी मागाले जा लागन, पुंडलिक. मले तं ते घरं बी ठाऊक नाईत. पयलं कोनाचं हाय?"

पुंडलिकानं चिमटा खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"पयलं माहंच हाय, भौ," तो म्हणाला. "बोला."